आश्रावणा चाललीय

परवा ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एका ओळखीच्या वाड्यावर गाणं होतं. अशा गाण्यांना पत्रिका वगैरे नसते. दोन दिवस आधी फोन येतो, 'शनिवारी रात्री या, शाल घेऊन या', एवढंच. शालीचं सांगणं उगीच नसतं, कारण जानेवारीत आमच्या ग्वाल्हेरच्या जुन्या वाड्यांतले दिवाणखाने अंगणापेक्षाही गार असतात. खाली जाजम, त्यावर गाद्या, कोपऱ्यात लाल तारांचा एक हीटर, आणि त्या हीटरजवळची जागा पकडायला लोक वेळेच्या बरेच आधी येऊन बसलेले. गाणाऱ्या बाई वेळेवर आल्या, बसल्या, आणि मग तानपुरे काही लागेचनात. बाहेरच्या गारठ्यातून उबेत आलेली वाद्यं ती. जोडीच्या तारा जुळल्या म्हणेपर्यंत पंचम उतरायचा. जवारीचा दोरा नखाने अंमळ इकडे, मग अंमळ तिकडे. तबलजी हातोडीने गट्टे ठोकतोय, मग तबल्याच्या कडेच्या गजऱ्यावर हलकेच दोन ठोके, मग कान खाली नेऊन एक 'ता', आणि तोंड वाईट करून पुन्हा गट्टे. माझ्या मागे कॉलेजातला एक मुलगा बसला होता. त्याने बराच वेळ दम धरला आणि शेवटी पुढे वाकून माझ्या शेजारच्या आजोबांना विचारलं, "काका, शुरू कब होगा?" आजोबांनी मफलरीतून तोंडही बाहेर न काढता सांगितलं, "सुरू झालंय की बाळा. आश्रावणा चाललीय." मुलगा क्षणभर गप्प झाला, मग अगदी आदराने म्हणाला, "अच्छा. रात का राग है?"

आम्ही दोघंही हसलो. पण त्या मुलाचं काय चुकलं होतं? नाव ऐकून कुणालाही राग वाटावा असाच तो शब्द आहे. पुढे गाणं सुरू झालं, रंगलंही, बाईंनी बिहाग मांडला तेव्हा हीटरकडे पाठ करून बसलेलेही हीटर विसरले. मी मात्र अधूनमधून त्या शब्दाकडेच जात होते. वाद्यं जुळवण्याला, गाण्याआधीच्या त्या कंटाळवाण्या खटपटीला, कुणीतरी एवढं भारदस्त नाव दिलं होतं. का दिलं असेल?

घरी वडिलांच्या कपाटात नाट्यशास्त्राची एक जुनी प्रत आहे, कडा तपकिरी झालेली, वाळवीने एका कोपऱ्याचा घास घेतलेली. पाचवा अध्याय पूर्वरंगाचा. नाटक सुरू होण्याआधी काय काय करायचं त्याचा. भरतमुनींनी पूर्वरंगाची एकोणीस अंगं सांगितली आहेत. त्यातली पहिली नऊ पडद्याआड करायची, उरलेली दहा पडदा दूर झाल्यावर. पडद्याआडच्या नवांत आश्रावणा चौथी. तिच्यापुढे वक्त्रपाणी, म्हणजे वादनाच्या निरनिराळ्या पद्धतींवरून हात फिरवून घेणं. मग परिघट्टना, तारांमध्ये तेज आणण्यासाठी. मग संघोटना, हाताच्या आघातांची वाटणी पक्की व्हावी म्हणून. त्यानंतर मार्गासारितात तंतुवाद्यं आणि चर्मवाद्यं एकत्र वाजवून बघायची, आणि शेवटी आसारित, ते मात्रा आणि टाळ्यांचा हिशेब जमवण्यासाठी. आश्रावणेचं काम एका चरणात सांगितलंय: आतोद्यांच्या रंजनासाठी. आतोद्य म्हणजे वाद्य. रंजन श्रोत्यांचं व्हायचं ते पुढे होईल. आधी वाद्यांचं व्हायला हवं. ही ओळ मी दोनदा वाचली. तबलजीच्या त्या वाकड्या तोंडाकडे मग मला वेगळ्या नजरेने बघता आलं.

पण मला खरी गंमत वाटली ती पहिल्या दोन अंगांची. पहिलं प्रत्याहार. नाव असं की वाटावं काहीतरी योगाभ्यासातलं. अर्थ: वाद्यं आणि वादक आपापल्या जागी मांडणं. दुसरं अवतरण: गायिकांना जागेवर बसवणं. बास. म्हणजे जाजम अंथरून झाल्यावर 'तबला इकडे घ्या, पेटी जरा मागे, बाईंना लोड द्या' हे जे काही चाललेलं असतं, तेसुद्धा त्या माणसाने मोजलं, नाव दिलं आणि प्रयोगाचा भाग मानलं. आणि तिसऱ्याचं नावच आरंभ! गायक गळा मोकळा करायला लागले की झाला आरंभ. आपण तिकडे बाहेर घड्याळ बघत बसलेले, आणि ग्रंथाच्या हिशेबाने नाटक सुरू होऊन तिसरं अंग चाललेलं.

आजोबांनी त्या मुलाला दिलेलं उत्तर थट्टेतलं होतं, पण शास्त्राला धरून होतं.

एकोणिसांतलं मराठी माणसाला आज काय आठवतं, तर नांदी. ती पडदा दूर झाल्यावरची. आमच्या लहानपणी गणपतीत मंडळाचं नाटक असायचं. तिसरी घंटा झाली, पेटीचा सूर मोठा झाला, नांदी आली, की आई हातातली पिशवी मांडीखाली घालून सरसावून बसायची. पडद्यापुढे होतं ते टिकलं. पडद्याआडचं करणारे आजही ते रोज करतात, पण नावं गेली. पूर्वरंग हा शब्द तेवढा कीर्तनाने जपला, तोही अर्थ बदलून. बुवा आधी अभंग घेऊन निरूपण करतात तो पूर्वरंग. मग हार, बुक्का, थोडं भजन. मग आख्यान, तो उत्तररंग. लहानपणी आम्हाला पूर्वरंग म्हणजे शिक्षा वाटायची आणि आख्यान लागेपर्यंत आम्ही देवळाच्या पायऱ्यांवर गजक खात बसायचो. (मुरैन्याची गजक तोंडात असताना अद्वैत समजतही नाही.) ग्वाल्हेरात तर साक्षात तानसेन समारोहाला असा पूर्वरंग आहे. १९२४ पासून चालत आलेला हा उत्सव, २०२४ साली त्याचं शंभरावं पर्व झालं. देशभरातले गवई रात्री गाणार असतात, पण सुरुवात होते सकाळी, हजिऱ्याला तानसेनाच्या मकबऱ्यावर: शहनाई, मग ढोलीबुवा महाराजांची हरिकथा, मग मीलाद, म्हणजे पैगंबरांचं स्तुतिपठण, आणि चादर. मराठी वळणाची हरिकथा आणि मीलाद, दोन्ही एकाच सकाळी, एकाच कबरीपाशी. रात्रीच्या गर्दीतले फारच थोडे सकाळी दिसतात. सकाळी येणाऱ्यांच्यात मफलरीतले आजोबा जास्त.

त्याच पाचव्या अध्यायात एक गोष्ट आहे, ती मला कुणी आधी सांगायला हवी होती. पडद्यामागचं हे संगीत बरंचसं निर्गीत, म्हणजे अर्थाच्या शब्दांविना. नुसते वर्ण, नुसते बोल, तारांवरचे आघात. नारदाने आणि गंधर्वांनी ते देव-दैत्यांच्या सभेत सादर केलं, आणि दैत्य खूश! राक्षसही खूश. देवांची स्तुती असलेलं सार्थ गाणं पुढे यायचंच होतं, पण दैत्यांचं म्हणणं, आम्हाला हेच आवडलं, आम्ही हेच घेऊ. देव चिडले. नारदाकडे जाऊन म्हणाले, हे बंद करा. नारदाने समजूत घातली की बंद करू नका. ते यातच गुंतून राहिले तर पुढच्या कामात विघ्न आणणार नाहीत. आणि देवांच्या असूयेमुळे निर्गीताला बहिर्गीत हे नाव पडलं, असं ग्रंथच सांगतो. म्हणजे अर्थ नसलेला सराव ही दैत्यांची मैफल होती. आपल्या मांडवांतून 'हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री' चालतं तेव्हा पहिल्या रांगेत जी आठ-दहा पोरं येऊन उड्या मारतात, त्यांची वंशावळ मला त्या दिवशी कळली. मुख्य पाहुण्यांच्या भाषणाला त्यांच्यातलं एकही थांबत नाही.

मी स्वतः बरीच वर्षं दैत्यांच्या बाजूला काढली आहेत.

जनकगंजच्या बाजूला आमचे मास्तर होते. नाव सांगत नाही, त्यांच्या घरचे लोक इथेच आहेत. पहाटे अंधारात, स्वेटरवर स्वेटर घालून आम्ही चार-पाच मुली त्यांच्या माजघरात बसायचो. मध्ये कोळशाची शेगडी, तिचा धूर डोळ्यांत, आणि तोंडातून निघणाऱ्या षड्जाबरोबर तोंडातून निघणारी वाफ. आधी खर्ज. मग पलटे. सारेग रेगम गमप मपध. ते झाले की सारेसारेग रेगरेगम. मग उलट. मग दुगुनीत. मास्तर डोळे मिटून पायाच्या अंगठ्याने लय धरायचे, आणि आमचा 'ध' जरा कमी पडला की अंगठा थांबायचा. बोलायचे नाहीत. अंगठा थांबला की पुन्हा पहिल्यापासून. या पलट्यांना अंत नाही हे मला फार पुढे कळलं. भरताने असे स्वरांचे अलंकार सांगितले तेहतीस, आणि देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात त्रेसष्ट. एवढ्यावर तो थांबत नाही. सात स्वर प्रत्येकी एकदाच घेऊन त्यांचे क्रम किती होतील याचा हिशेब तो मांडतो: पाच हजार चाळीस. अमुक क्रमांकाची तान कोणती, आणि अमुक तान कितव्या क्रमांकाची, हे काढायची घरांची आकृतीही देतो, खंडमेरू. पुढे त्यावरूनच मेरुखंडाचा रियाज आला. आमच्या मास्तरांनी शार्ङ्गदेव वाचला होता की नाही कोण जाणे, पण पाच हजार चाळिसांपर्यंत जायची त्यांची तयारी होती.

माझी नव्हती, असंही म्हणता येत नाही. मला ते आवडायचं. आज हे लिहिताना थोडं चमत्कारिक वाटतं, पण त्या वयात पलट्यांमध्ये एक सुख होतं जे पुढे कुठल्याच शिक्षणात मिळालं नाही. संध्याकाळच्या परवच्यातही ते थोडं होतं. दिवेलागणीला आजोबांपुढे बसून श्लोक, मग पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि सगळ्यांत दुष्ट औटकी, साडेतिनाचा पाढा. तिनाला साडेदहा, पाचाला साडेसतरा. साडेतीन-साडेतीनने काय मोजायचं असतं हे कधी विचारलं नाही, आणि औट हा शब्द तर साडेतीन मुहूर्तांनाही कुणी लावत नाही. पण चालीवर म्हणायला औटकीला तोड नव्हती. अर्थ मध्ये येत नाही तेव्हा जीभ वेगळीच पळते. दैत्यांना नेमकं हेच आवडलं असणार.

फक्त, माझ्याबरोबरच्या दोघींना मास्तरांनी भूप रागाची चीज, म्हणजे बंदिश, दिली आणि मला दिली नाही. "तुझा गळा अजून बसला नाही." पुढच्या थंडीतही बसला नव्हता. त्याच्या पुढच्याही. मग कॉलेज आलं, वेळा जुळेनात, मग लग्न ठरलं. मास्तरांना पेढे द्यायला गेले तेव्हा म्हणाले, "आता तुला ख्याल सुरू करणार होतो." खरं होतं की लग्नघरात बोलायचं म्हणून बोलले, ते मला आजही ठरवता येत नाही. मी नमस्कार केला आणि बाहेर आले. रस्त्यात रडले वगैरे काही नाही. साड्या घ्यायला सराफ्याच्या बाजूला जायचं होतं, उशीर होत होता.

आपल्याकडे तयारीच्या गोष्टींचं फार कौतुक आहे. गुरूने बारा वर्षं एकच राग घोटून घेतला. गुरूने आधी नुसतं पाणी भरायला लावलं. वर्षभर फक्त सा. मैफिलीच्या मध्यंतरात चहाचा कप हातात घेऊन लोक या गोष्टी सांगतात आणि ऐकणारे 'वा' म्हणतात. मला त्या ऐकताना अलीकडे एक गोष्ट खुपते: या गोष्टी नेहमी पोचलेल्या माणसांच्या असतात. बारा वर्षं एक राग घोटून पुढे ज्यांचं काहीच झालं नाही, त्यांची गोष्ट कोण सांगणार आणि कशाला? ते आमच्यासारखे श्रोत्यांत बसलेले असतात, शाल पांघरून. आणि गंमत म्हणजे ज्या ग्वाल्हेर घराण्याच्या शिस्तीचे दाखले देत आम्हाला पलटे घोटायला लावले, त्या घराण्याची सगळ्यांत लाडकी दंतकथा अगदी उलट आहे. दौलतराव शिंद्यांच्या दरबारात बडे महंमदखाँ तानांचा पाऊस पाडायचे, आणि हद्दू-हस्सू ही दोन भावंडं पडद्याआड लपून ते ऐकायची, ऐकून ऐकून त्यांनी ती गायकी उचलली, असं सांगतात. तिथे त्यांना कुणी सारेग रेगम दिलं नाही. समोर आलं ते थेट पुरं झालेलं गाणं, आणि पडद्याआड होते ते शिकणारे. अर्थात त्यांनी घरी जाऊन जे केलं असेल तो रियाजच, आणि दोघं खानदानी गवयांच्या घरातले होते, हेही खरं. पण कान आधी भरला होता. कशासाठी घासतोय हे गळ्याला ठाऊक होतं.

तानसेनाच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला चघळला की गळा गोड होतो, हीही आमच्याकडची गोष्ट. पलट्यांना कंटाळलेल्या कुणीतरीच ती काढली असणार. मी चघळलाय. आंबट लागतो.

तर भरतमुनी. मला वाटलं होतं, एकोणीस अंगं सांगणारा माणूस तयारीचा कट्टर भक्त असेल. पण त्याच अध्यायात पुढे तो थांबवतो. सांगतो की पूर्वरंगात नाचगाण्याचा फार पसारा करू नका. गाणं, वाजवणं, नाचणं प्रमाणाबाहेर गेलं की करणारे थकतात आणि बघणारेही थकतात. थकलेल्यांना रस आणि भाव स्पष्ट होत नाहीत. मग उरलेला प्रयोग रंगतच नाही. एवढं साधं. पडद्यामागच्या प्रत्येक खटपटीला ज्याने मानाचं नाव दिलं, त्यानेच तिला हद्दही घालून दिली. नाव दिलं म्हणूनच हद्द घालता आली असेल. आमच्या माजघरात जे चाललं होतं त्याला 'अजून थोडं' एवढंच नाव होतं.

मास्तरांवर माझा राग आहे का? हा अध्याय वाचून झाल्यावर काही दिवस होता. मग एकदा कपडे वाळत घालताना माझ्या लक्षात आलं की मी गमप मपध म्हणतेय, ठाय लयीत, आणि धैवत जिथे असायला हवा तिथे आहे. एवढ्या वर्षांत घर बदललं, माणसं गेली, गुडघे गेले. ऐन विशीत पाठ केलेल्या कविता धडपणे आठवत नाहीत. हे मात्र शाबूत. चीज मिळालेल्या त्या दोघींपैकी एक मध्यंतरी भेटली. तिला भूपाचा अंतरा आठवत नव्हता. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं थोडं वाईट वाटलं.

आता भावाची नात, रेवा, संध्याकाळी माझ्याकडे येते. सात वर्षांची आहे, आवाज खणखणीत, बसायचं नाव नाही. मी तिला पहिल्याच आठवड्यात भूपाची मध्यलयीतली एक चीज दिली. सा रे ग प ध नीट लावता येत नसताना. पलटे देते, पण त्या चिजेला लागतात तेवढेच, आणि तिने तोंड वाकडं केलं की बंद. ती चीज म्हणते तेव्हा धैवत बिचारा कुठेही जातो. पण सम आली की ती मांडीवर अशी थाप मारते की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकतो.

वहिनींना हे मुळीच पसंत नाही. त्या स्वतः गाण्याच्या शाळेत रीतसर शिकल्या, परीक्षा दिल्या, आमच्या घरातलं गाण्याचं शेवटचं मत त्यांचं. परवा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अगं, पोरीचा गळा बिघडवशील. आधी पाया. वर्षभर सा लावू दे." मी आश्रावणेपासून सगळं सांगितलं, दैत्यांसकट. पसाऱ्याने खेद होतो, थकल्यावर रस कळत नाही, तेही सांगितलं. त्यांनी शांतपणे मेथीची एक जुडी संपवली आणि म्हणाल्या, "तुझ्या भरतमुनींना नाटक उभं करायचं होतं. पोरं शिकवायची नव्हती." मुद्दा बिनतोड होता. मला उत्तर शोधायला पुन्हा कपाट उघडावं लागलं, आणि ते पहिल्याच अध्यायात सापडलं. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं की वहिनी, भरताला शंभर मुलगे होते, आणि नाट्यवेद त्याने त्या सगळ्यांना स्वतः शिकवला.

वहिनी म्हणाल्या, "शंभर? मग बरोबर आहे. म्हणूनच आटोपतं घ्या म्हणाला."